मानीव : राधा, यशोदा आणि कायद्याचे मातृत्व

१

एकाच व्यक्तिरेखेवर लिहिलेल्या दोन मराठी कृतींची केवळ शीर्षके शेजारी ठेवली तरी एक वाद उभा राहतो. वि. वा. शिरवाडकरांच्या १९५३ मधील नाटकाचे नाव ‘कौंतेय’ आहे. रणजित देसाई यांच्या १९७३ मधील कादंबरीचे नाव ‘राधेय’ आहे. नायक एकच, कर्ण. पहिले नाव त्याला जन्म देणाऱ्या स्त्रीवरून आले, दुसरे त्याला वाढवणाऱ्या स्त्रीवरून. या दोहोंच्या मध्ये, १९६७ साली, शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ प्रसिद्ध झाली. तिने शीर्षकातून दोन्ही मातांना दूर ठेवून नायकाला त्याच्या पराक्रमाचे नाव दिले. अपत्य कोणाचे, या एकाच प्रश्नाची ही तीन उत्तरे आहेत आणि ती शीर्षकाच्या पातळीवरच दिली गेली आहेत.

शीर्षकाकडून कथनव्यवस्थेकडे गेल्यास हा वाद अधिक गुंतागुंतीचा होतो. ‘मृत्युंजय’मध्ये कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण हे प्रथमपुरुषी निवेदक आहेत. राधा निवेदक नाही. ज्या स्त्रीने मूल नदीत सोडले तिला आपली बाजू मांडण्यासाठी स्वतंत्र निवेदन मिळते. ज्या स्त्रीने ते उचलले, न्हाऊमाखू घातले, वाढवले, ती इतरांच्या निवेदनांतून तेवढी दिसते. याचे कारण लेखकाच्या सहानुभूतीच्या मर्यादेत शोधणे अपुरे ठरेल. कथनाला घटना लागते आणि जन्म ही घटना आहे. तिला तिथी आहे, गुपित आहे, गुपित फुटण्याचा क्षण आहे. वाढवणे ही घटना नव्हे. ती दररोज त्याच क्रमाने होणारी, सांगायला गेल्यास कंटाळवाणी वाटणारी कृती आहे. कुंतीपाशी कथानक आहे, राधेपाशी केवळ दिनक्रम आहे.

कथनाची जी अडचण, तीच कायद्याचीही. त्यालाही तारीख, दस्तऐवज आणि साक्षीदार असलेली घटना लागते. साहाय्यित प्रजननातून जन्मलेल्या अपत्याचे पालक कोण, या प्रश्नावर २०२१ च्या कायद्यांनी जे उत्तर दिले त्याचा विचार साधारणपणे वैद्यकीय नीती किंवा कुटुंबकायदा या शाखांमध्ये होतो. प्रस्तुत लेखात त्याचा विचार कथन म्हणून करावयाचा आहे. विधिमंडळाने केलेला कायदा ही एक संहिता असते. तिच्यात पात्रे असतात, पात्रांना नावे असतात, आणि कोणाचे नाव कोणत्या क्षणी गळून पडते याचेही संकेत ठरलेले असतात. हे संकेत मराठी साहित्याच्या संकेतांशी कोठे जुळतात आणि कोठे विसंगत ठरतात, एवढाच माझ्यापुढील प्रश्न आहे.

२

१८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमाच्या ११२ व्या कलमाने औरसपणाचे अनुमान सांगितले होते. विवाह कायम असताना, किंवा तो संपुष्टात आल्यावर आई अविवाहित राहिली असता २८० दिवसांच्या आत, जन्मलेले मूल त्या पतीचेच होय. पतिपत्नींना परस्परांचा सहवास शक्यच नव्हता असे सिद्ध झाले तरच हे अनुमान ढासळे. १ जुलै २०२४ पासून त्या अधिनियमाची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली आणि हीच तरतूद तेथे ११६ व्या कलमात आली. या कलमाचा सारा रोख पित्याकडे आहे. आई कोण, हे कायद्याला विचारावेच लागले नव्हते. प्रसूतीला साक्षीदार असतात. पितृत्वाला अनुमान लागते.

मराठी साहित्यही दीर्घकाळ याच गृहीतकावर उभे होते. १९६७ हे वर्ष या दृष्टीने लक्षणीय आहे. ‘मृत्युंजय’बरोबर याच वर्षी इरावती कर्वे यांचे ‘युगान्त’ प्रसिद्ध झाले आणि विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ रंगभूमीवर आले. इरावतीबाई युधिष्ठिराच्या जन्माविषयी शंका उपस्थित करतात तेव्हा ती शंका विदुराविषयीची, म्हणजे पित्याविषयीची असते. कुंतीच्या मातृत्वावर प्रश्नचिन्ह लागत नाही. तेंडुलकरांच्या नाटकात लीला बेणारेवर खोटाखोटा खटला चालतो आणि प्रोफेसर दामले त्या जागी येतही नाहीत. बेणारेचे शरीर हाच तिच्याविरुद्धचा पुरावा असल्यामुळे पित्याच्या गैरहजेरीने खटल्याचे काही अडत नाही. निश्चित माता आणि अनुमानित पिता या विषम जोडीतूनच या नाटकाची क्रूरता निर्माण होते.

हे गृहीतक मुंबईतच मोडले. ६ ऑगस्ट १९८६ रोजी केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांनी शरीराबाहेर फलन झालेल्या गर्भाचे मूल जन्माला आले. कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी १९७८ मध्येच हे साधले होते, परंतु त्यांच्या हयातीत त्याला मान्यता मिळाली नाही. या तंत्राचा वाङ्मयीन अर्थ असा, की बीजांड आणि गर्भाशय या दोन गोष्टी प्रथमच दोन स्त्रियांच्या ठिकाणी असू शकल्या. जी देते, जी वाहते आणि जी वाढवते, अशा तीन स्त्रिया एका अपत्याच्या संदर्भात संभवू लागल्या. ‘आई’ हा शब्द मात्र एकवचनीच राहिला.

३

अपत्य होण्याचे प्रकार अनेक असू शकतात, ही कल्पना आपल्या परंपरेला नवी नाही. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात पुत्रांचे बारा प्रकार येतात : औरस, क्षेत्रज, दत्त, कृत्रिम, गूढोत्पन्न, अपविद्ध, कानीन, सहोढ, क्रीत, पौनर्भव, स्वयंदत्त आणि शौद्र. यांपैकी प्रत्येक नाव म्हणजे एक संक्षिप्त कथानक आहे. ‘अपविद्ध’ म्हटले की टाकून दिलेले मूल दुसऱ्याने उचलल्याची हकीगत येते. ‘सहोढ’ म्हटले की विवाहसमयी वधू गर्भवती असल्याची. मूल कोठून आले याची स्मृती नाव पुसत नाही.

त्याच अध्यायात बीज श्रेष्ठ की क्षेत्र, ही चर्चा आहे. करार नसेल तर पीक क्षेत्राच्या मालकाचे. करार असेल तर बीजाचा मालक आणि क्षेत्राचा मालक दोघेही भागीदार, असा तिचा सारांश आहे. आधुनिक वाचकाला यात एखाद्या गर्भधारणा-कराराचा पूर्वावतार दिसण्याचा मोह होतो. एम. ए.च्या वर्गात हा भाग शिकवताना मलाही तो झाला होता. मुरबाडच्या पुढे माळशेजच्या वाटेवर वैशाखरे हे गाव आहे. त्या बाजूच्या एका शेतकरी घरातील विद्यार्थिनी वर्गात होती. तिने विचारले, “सर, शेत नवऱ्याचं, बी दुसऱ्याचं. मग बाई कोण? कूळ का?”

हा प्रश्न त्या तासाला मी चातुर्य म्हणून हसून सोडून दिला. नंतर लक्षात आले की तिने रूपकाचा सांधाच उसवला होता. मनूच्या चर्चेत क्षेत्र म्हणजे स्त्री आणि क्षेत्राचा स्वामी म्हणजे पती. स्त्री स्वतः करारातील पक्ष नाहीच. ती करार ज्या वस्तूविषयी होतो ती वस्तू आहे. विद्यार्थिनीने तिला जमिनीच्या जागेवरून उचलून कष्टणाऱ्याच्या जागी ठेवले, आणि त्यासाठी तिला कोणतीही सैद्धांतिक परिभाषा लागली नाही. घरातल्या सात-बाराची भाषा पुरली.

‘कूळ’ या शब्दाचे मराठीतील दोन अर्थ येथे एकमेकांसमोर येतात. कूळ म्हणजे वंश. आणि कूळ म्हणजे दुसऱ्याची जमीन खंडाने कसणारा. एका अर्थात वारसा पिढ्यान्‌पिढ्या चालत येतो, दुसऱ्यात हक्क श्रमातून निर्माण होतो. १९४८ च्या मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियमाने १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरवला आणि त्या दिवशी कुळाने आपल्या ताब्यातील जमीन मालकाकडून खरेदी केली असे मानले जाईल, अशी व्यवस्था केली. महसुली मराठीत याला ‘मानीव खरेदी’ म्हणतात. प्रत्यक्षात कोणी बाजारात जाऊन काही खरेदी केले नव्हते. कायद्याने एक कल्पित रचले आणि त्या कल्पिताच्या बळावर कसणारा जमिनीचा धनी झाला.

‘मानले जाईल’ हे क्रियापद म्हणजे कायद्याची कथनशक्ती होय. जे घडलेले नाही ते घडले आहे असे समजून पुढचे सारे घडवायचे, हे कथाकाराचे काम विधिमंडळही करते. म्हणून अशा क्रियापदाविषयी विचारण्याचा पहिला प्रश्न असा असतो : हे कल्पित कोणाच्या बाजूने रचले आहे?

४

सरोगसी (विनियमन) अधिनियम आणि साहाय्यित प्रजनन तंत्रज्ञान (विनियमन) अधिनियम हे दोन्ही २०२१ चे. ते २५ जानेवारी २०२२ पासून अमलात आले. पहिल्याच्या आठव्या कलमानुसार या पद्धतीने जन्मलेले मूल इच्छुक दांपत्याचे किंवा इच्छुक स्त्रीचे जैविक अपत्य मानले जाते आणि नैसर्गिक अपत्याचे सर्व हक्क त्याला मिळतात. दुसऱ्याच्या एकतिसाव्या कलमात हीच भाषा आहे. तेथे बीजदात्याचे पालकत्वाचे सर्व हक्क संपतात असेही म्हटले आहे. गर्भ वाहणाऱ्या स्त्रीने स्वतःचे बीजांड द्यावयाचे नाही, अशी पहिल्या अधिनियमाची अट आहे. ती पंचवीस ते पस्तीस वयाची, विवाहित किंवा कधीकाळी विवाह झालेली, स्वतःचे मूल असलेली असावी. हे कार्य तिने आयुष्यात एकदाच करावे. वैद्यकीय खर्च, विमा आणि विहित खर्च याखेरीज मोबदला घेऊ नये. पालकत्व आणि ताबा यांविषयीचा आदेश प्रथम वर्ग दंडाधिकारी किंवा त्यावरील न्यायालयाकडून आधीच घ्यावा लागतो, आणि मूल जन्मल्यावर तोच आदेश जन्माचे शपथपत्र ठरतो.

या संहितेतील सर्वांत विचारार्ह शब्द ‘जैविक’ हा आहे. कायद्याला म्हणावयाचे होते ते एवढेच, की हे मूल पूर्णांशाने यांचे. त्यासाठी त्याने ‘जैविक’ हा शब्द योजला. साहाय्यित प्रजननात दात्याचे बीज वापरले गेले असेल तर निदान एका पालकाशी मुलाचा जैविक संबंध नसतो. तरीही त्या पालकालाही ‘जैविक’ असेच मानावयाचे. म्हणजे रक्ताचे नाते नसतानाही नाते पूर्ण असू शकते हे मान्य करण्याचे धैर्य कायद्यापाशी आहे, परंतु ते सांगण्यासाठी रक्ताच्या बाहेरचा शब्द त्याच्यापाशी नाही. बारा नावांपैकी अकरा गळून एकच उरले, आणि सर्वांना औरस म्हणावयाचे ठरले.

दत्तकाच्या कायद्याशी तुलना केल्यास हा फरक स्पष्ट होईल. महाराष्ट्राला दत्तकाच्या कल्पिताचा अनुभव दीर्घ आहे. सातारा १८४८ मध्ये आणि नागपूर व झांशी १८५४ मध्ये खालसा झाली ती दत्तक नाकारूनच. आणि ताईमहाराज प्रकरणात १९०१ मध्ये झालेल्या दत्तकविधानाचा निकाल प्रिव्ही कौन्सिलपर्यंत जाऊन १९१५ मध्ये लागला, ज्यात लोकमान्य टिळकांची वर्षानुवर्षे खर्ची पडली. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियमातही ‘मानले जाईल’ हेच क्रियापद आहे. परंतु तेथे प्रत्यक्ष देणे आणि घेणे आवश्यक आहे; देणारा हात कथनात दिसावा लागतो. शिवाय दत्तक गेलेल्या अपत्याला जन्मकुळात ज्यांच्याशी विवाह करता आला नसता त्यांच्याशी तो पुढेही करता येत नाही. नाते तुटले असे मानूनही कायद्याने त्या नात्याची एक खूण राखून ठेवली आहे. २०२१ च्या कल्पितात देणारा हात जन्माआधीच पुसलेला असतो. जिच्या उदरी मूल आले तिच्याकडून ते कोणी ‘घेत’ नाही, कारण ते तिचे कधी नव्हतेच असे मानलेले असते.

येथे एक आक्षेप संभवतो आणि तो गंभीर आहे. बारा नावांची ती जुनी यादी वारसाहक्काची उतरंड होती. पहिल्या सहांना वारसा होता, उरलेल्या सहांना नव्हता. ‘कानीन’ हे नाव स्मृती जपत होते तसे लांच्छनही जपत होते. कर्णाला रंगभूमीवर सूतपुत्र म्हणून हिणवले गेले ते नावाच्याच जोरावर. अपत्याच्या बाजूने पाहिल्यास एकच नाव देणारा कायदा न्याय्य आहे. शाळेच्या दाखल्यावर, वारसनोंदीवर, पारपत्रावर कोणत्याही मुलाला आपल्या उत्पत्तीची कैफियत द्यावी लागू नये, हे निर्विवाद होय. मला हा आक्षेप मान्य आहे. माझे म्हणणे त्याच्या पुढचे आहे : या न्यायाची किंमत कोणी दिली, हे कोठे तरी लिहिलेले असावे.

५

‘आपल्याकडे हे सारे होतेच’ असे म्हणून पुराणकथांकडे बोट दाखवण्याची एक पद्धत अलीकडे रूढ झाली आहे. गांधारीच्या घृतकुंभांत प्रयोगशाळा पाहणारे हे वाचन मिथकाचे मिथकपण हिरावून घेते. मिथके तंत्र सांगत नाहीत. नात्यांचा पेच कसा सांगावा हे ती सांगतात. देवकीचा सातवा गर्भ योगमायेने रोहिणीच्या उदरात नेला. त्या मुलाला ‘संकर्षण’ म्हणतात, कारण तो एका उदरातून ओढून काढला. आणि ‘रौहिणेय’ म्हणतात, कारण रोहिणीने तो वाहिला. कृत्तिकांनी दूध पाजले म्हणून स्कंद ‘कार्तिकेय’ झाला, त्या सहा होत्या म्हणून ‘षाण्मातुर’ झाला. तो ‘अग्निभू’ही आहे, ‘शरजन्मा’ही आणि ‘पार्वतीनंदन’ही. एका नावाने दुसरे रद्द होत नाही. संस्कृतातील तद्धित प्रत्ययांनी जे साधले ते आपल्या जन्मनोंदीच्या रकान्यांना साधलेले नाही.

या पार्श्वभूमीवर ‘मला आई व्हायचंय!’ या मराठी चित्रपटाचा विचार करावा लागतो. २०१० सालासाठीचा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला आणि २०११ मध्ये तो प्रदर्शित झाला. दिग्दर्शिका समृद्धी पोरे या स्वतः वकील आहेत, ही गोष्ट त्याच्या रचनेत जाणवते. मेरी ही अमेरिकन स्त्री मुलासाठी भारतात येते. यशोदा ही गरीब स्त्री तिचा गर्भ वाहण्यास तयार होते. मूल सव्यंग निपजेल अशी शंका येताच मेरी माघार घेते. यशोदेला निरोगी, गोरा मुलगा होतो. ती त्याला वाढवते आणि काही वर्षांनी मेरी त्याला मागण्यासाठी परत येते. त्या वेळी या विषयावर संसदेचा कायदा नव्हता. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेची २००५ ची मार्गदर्शक तत्त्वे तेवढी होती. कथानक उभे आहे ते कायद्याच्या या रिकाम्या जागेत. पुढे २०२१ च्या अधिनियमाच्या सातव्या कलमाने व्यंग, लिंग किंवा अन्य कोणत्याही कारणासाठी अशा अपत्याचा त्याग करण्यास मनाई केली. मेरीने केलेली कृती आता निषिद्ध आहे. गंमत अशी, की या चित्रपटावर आधारलेला ‘मिमी’ हा लक्ष्मण उतेकर दिग्दर्शित हिंदी चित्रपट त्याच २०२१ साली आला. म्हणजे कथानकाची पुनरावृत्ती आणि ते अशक्य करणारा कायदा यांचे वर्ष एकच.

चित्रपटातील नायिकेचे नाव यशोदा आणि मुलाचे माधव आहे. ही नावे प्रेक्षकाला क्षणात सर्व सांगून टाकतात, आणि माझा आक्षेप नेमका या क्षणात सांगण्यावर आहे. पुराणातील यशोदेने कृष्णाला वाढवले, जन्म दिला नाही. चित्रपटातील यशोदेने माधवला जन्मही दिला आणि वाढवलेही. तिच्यापाशी देवकीचा वाटाही आहे. तिच्यापाशी नाही ते फक्त बीज. तरीही चित्रपट तिला जे नाव देतो ते मूल ज्यांना अखेर मथुरेला पाठवावे लागले त्या मातेचे. नामकरणातच तिचे देवकीपण कमी केले जाते आणि प्रेक्षकाचे अश्रू आधीच ठरलेल्या दिशेने वळवले जातात. मराठी मनाला यशोदा हे त्यागाचे सोज्ज्वळ चित्र वाटते. त्याग करणाऱ्या स्त्रीला हक्क विचारावा लागत नाही, ही त्या चित्रातील सोय आहे.

या मिथकाची एक बाजू तर आपण सारेच विसरतो. त्या रात्री यशोदाही प्रसूत झाली होती. तिची मुलगी उचलून मथुरेच्या कारागृहात नेली गेली आणि कंसाने तिला शिळेवर आपटण्यासाठी वर उचलले. ती योगमाया होती, हातून निसटून आकाशात गेली, असे सांगून कथा आपले समाधान करते. परंतु व्यवहाराच्या भाषेत पाहिल्यास राजकुळातील मुलगा वाचावा म्हणून गवळ्याच्या घरची मुलगी पणाला लागली, आणि तिच्या आईला त्याची वार्ताही नव्हती. यशोदेला निव्वळ पालनकर्ती ठरवणाऱ्या परंपरेने तिचे प्रसूतीचे दुःख कथानकाच्या बाहेर ठेवले. ज्या चित्रपटाला एका गरीब स्त्रीच्या उदराची कथा सांगावयाची आहे, त्याला या विसरलेल्या मुलीपर्यंत जाण्याची वाट खुली होती. तो गेला नाही. तरीही राधेला जे निवेदन मराठी कादंबरीने दिले नाही ते या चित्रपटाने यशोदेला दिले, हे त्याचे श्रेय कमी नाही. वाढवण्याचा दिनक्रम पडद्यावर कथानक होऊ शकतो, हे त्याने सिद्ध केले.

६

ऑगस्ट २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे याच पेचाचे दुसरे रूप आले. एका दांपत्याला पत्नीच्या धाकट्या बहिणीने बीजांड दिले होते. गर्भ तिसऱ्या स्त्रीने वाहिला आणि जुळ्या मुली जन्मल्या. पुढे पतिपत्नी विभक्त झाली, मुली पित्याकडे राहिल्या. बीजांड देणारी बहीण हीच मुलींची जैविक माता, पत्नीचा त्यांच्याशी जैविक संबंध नाही, असा युक्तिवाद करण्यात आला. न्यायालयाने तो फेटाळला. करार २०२१ च्या कायद्यांपूर्वीचा असल्याने २००५ च्या मार्गदर्शक तत्त्वांचा आधार घेऊन न्यायालयाने म्हटले, की बीजांडदात्री फार तर जनुकीय माता ठरेल, परंतु तेवढ्यावरून तिला कायदेशीर मातेचा हक्क मिळत नाही. पत्नीला मुलींना दर आठवड्याच्या शेवटी भेटण्याची मुभा मिळाली.

बीजाचे प्राधान्य नाकारणारा हा निर्णय म्हणून महत्त्वाचा आहे. मराठी वाचकाच्या दृष्टीने त्यात आणखी एक गोष्ट आहे. नात्याने ती बहीण मुलींची मावशी आहे. ‘माय मरो पण मावशी जगो’ असे म्हणणाऱ्या भाषेत आई आणि मावशी यांच्यातील अंतर आधीच फार थोडे आहे. परंतु न्यायालयात पक्षकारांना ते थोडे अंतरही मोजून द्यावे लागते. तेथे मावशीला आई व्हायचे असेल तर आईने आई नसावे लागते. आणि या संपूर्ण वादात जिने दोन्ही मुली वाहिल्या ती तिसरी स्त्री पक्षकार नव्हती. तिचा उल्लेख घटनाक्रमातील एका पायरीपुरता येतो. ‘मृत्युंजय’मध्ये राधेची जी जागा आहे, तीच थोड्याफार फरकाने येथे तिची आहे. फरक असा, की राधेपाशी दिनक्रम तरी होता. हिच्यापाशी नऊ महिने होते आणि ते वैद्यकीय अहवालांत विभागले गेले.

भाषेनेही तिची व्यवस्था नीट लावलेली नाही. मराठी वृत्तपत्रांनी तिला ‘भाडोत्री माता’ म्हटले आणि तिच्या शरीराला खोलीची उपमा चिकटवली. आता कायद्याने भाडे बंद केले आहे, तरी शब्द राहिला. ‘सरोगेट’ हा परका शब्द निदान हिणवत नाही, परंतु तो काही सांगतही नाही. ‘रौहिणेय’ हे नाव घडवणाऱ्या परंपरेच्या वारसांना रोहिणीसाठी एक शब्द सापडू नये, ही भाषिक दारिद्र्याची खूण म्हणावी लागेल.

७

वैशाखऱ्याहून नाणेघाटाची वाट चढते. घाटमाथ्यावरील लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा शिलालेख आहे; तो इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातला मानला जातो. यज्ञांची आणि दानांची ती नोंद करणारी राणी स्वतःची ओळख कोणाची कन्या, कोणाची पत्नी आणि कोणाची माता या नात्यांनी देते. मागच्या भिंतीवर राजपुरुषांच्या आणि तिच्याही मूर्ती होत्या. आज त्यांच्या पावलांचे अवशेष आणि वरची नावे तेवढी आहेत. पुढच्या पिढ्यांतील सातवाहन राजे गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र अशी मातेच्या गोत्रावरून आलेली नावे लावू लागले. त्यावरून मातृसत्ता होती असे म्हणता येत नाही. गादी पित्याकडूनच पुत्राकडे जात होती. तरीही राजाची ओळख पटवताना आईचे नाव आवश्यक वाटत होते.

१ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांच्या शासकीय कागदपत्रांत स्वतःच्या नावानंतर आईचे, मग वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव लिहावयाचे, असा निर्णय महाराष्ट्र शासनाने घेतला आहे. इतक्या शतकांनंतर आईचे नाव नोंदीत परतले, याचे स्वागतच केले पाहिजे. साहाय्यित प्रजननातून जन्मलेल्या मुलाच्या बाबतीत त्या जागी कोणाचे नाव येईल याचे उत्तर कायद्याने दिले आहे, आणि ते एकच असणे मुलाच्या हिताचे आहे. कागदावर एकच जागा असते. तेथे तीन नावे लिहावीत अशी माझी मागणी नाही.

परंतु त्या विद्यार्थिनीने मला नंतर तिच्या घरचा सात-बारा दाखवला होता. त्यात मालकाचे नाव एका ठिकाणी असते, आणि शेजारी ‘इतर अधिकार’ असा एक रकाना असतो. मूल म्हणजे जमीन नव्हे आणि पीकही नव्हे. मालकीची भाषा त्याला लावणे हाच मूळ प्रमाद होय, आणि तो बीज-क्षेत्राच्या चर्चेपासून चालत आला आहे. मला त्या रकान्यातून एवढेच घ्यावयाचे आहे, की मालकी एकाकडे असतानाही दुसऱ्याच्या श्रमाची नोंद त्याच कागदावर होऊ शकते. जन्माच्या दाखल्यावर असा रकाना नाही, आणि तो नसावा हेच योग्य असेल. तर मग ती नोंद करण्याचे काम साहित्याकडे येते. ‘कौंतेय’ आणि ‘राधेय’ ही दोन शीर्षके आपल्या ग्रंथालयांत एकमेकांना रद्द न करता शेजारी उभी आहेत. वृषालीला आणि शोणालाही निवेदन देणाऱ्या मराठी कादंबरीने राधेचे निवेदन अजून लिहावयाचे आहे. आणि जिने वाहिले पण वाढवले नाही, तिच्या निवेदनाला तर अद्याप आरंभही झालेला नाही.